दारातली दहा मिनिटं: आईचा मानसिक ताठरपणा आणि मुलीची पोटदुखी

सकाळचे सहा पन्नास. मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकते आणि वाकलेलीच राहते. "आई, पोटात दुखतंय." आईचा हात आधी तिच्या कपाळाकडे जातो, मग फोनकडे. "थांब, मी मॅडमना मेसेज टाकते. आज नको जाऊस." मुलीचे खांदे सैल होतात, आईचेही. सात वाजता घर शांत झालेलं असतं. दुपारी आईच्या डोक्यात एक वाक्य फिरायला लागतं, 'हिचं पुढे कसं होणार?' आणि रात्री नऊच्या सुमाराला तेच वाक्य चढ्या आवाजात मुलीच्या अंगावर येतं.

हे प्रकरण त्या दहा मिनिटांचं आहे. ते कुणा एका घराचं नाही. अशी तक्रार घेऊन मानसोपचाराला येणाऱ्या घरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं त्यातून ते रचलेलं आहे आणि या घराचे म्हणून दिलेले आकडे त्या रचनेचाच भाग आहेत. प्रश्नावल्यांची आणि संशोधनाची माहिती मात्र खरी आहे.

तक्रार

मुलगी चौदा वर्षांची. आई एक्केचाळीस वर्षांची, नोकरी करणारी. वडील कामासाठी आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. गेल्या सहा आठवड्यांत शाळा ३० दिवस भरली, त्यातले ११ दिवस मुलगी घरी होती. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी पोट दुखायला लागतं. वर्गासमोर उभं राहून बोलायचं असलं की आदल्या रात्री झोप लागत नाही. मैत्रिणींचे फोन ती घेत नाही.

बालरोगतज्ज्ञांनी तपासणी करून शारीरिक कारण नसल्याचं सांगितलं होतं. मुलीशी एकटीशी बोलून, स्वतःला इजा करावी किंवा जगू नये असं वाटतं का, हे आडवळण न घेता विचारलं. तसं नव्हतं. शाळेत कुणी छळतं का, हेही विचारलं. तसंही नव्हतं. ही चौकशी इथे थोडक्यात उरकली असली तरी ती वगळून पुढे जाता येत नाही. जिथे खरोखर छळ चालू आहे तिथे मुलीला 'अस्वस्थता सोसायला शीक' म्हणणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा एकटं पाडणं.

पहिल्या भेटीत आई म्हणाली, "मी सगळं करून पाहिलं." ते अक्षरशः खरं होतं. तिने समजावलं, बक्षीस कबूल केलं, रागावून पाहिलं, शिक्षिकांना विनवलं, रात्री मुलीशेजारी झोपली. ती कुठे कमी पडत होती हे शोधण्यात अर्थ नव्हता. इतकं सगळं ती नेमकं कशासाठी करत होती, हे पाहायचं होतं.

तीन माणसं, तीन आकडे

रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली 'स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज' प्रश्नावली तिघांकडून भरून घेतली. तिच्यात २५ विधानं असतात. त्यातली पाच भावनिक त्रासाची: अंगदुखी किंवा पोटदुखी, काळजी, उदासी, नव्या ठिकाणी घाबरणं आणि भीती. गुण ० ते १०. आईच्या मते मुलीचे गुण ९ होते, मुलीच्या स्वतःच्या मते ७ आणि वर्गशिक्षिकांच्या मते ३. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी आहे. पालकांच्या उत्तरांत ५ पासून, मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत ७ पासून आणि शिक्षकांच्या उत्तरांत ६ पासून गुण चिंतेच्या पट्ट्यात धरले जातात. म्हणजे आईच्या हिशेबाने मुलगी पट्ट्यात खोलवर होती, स्वतःच्या हिशेबाने उंबरठ्यावर आणि शिक्षिकांच्या हिशेबाने अगदी ठीक.

गप्प बसणारं मूल शिक्षकांना ठीकच वाटतं, त्यामुळे तो ३ फार मनावर घ्यायचा नाही. आईचा ९ मात्र जपून वाचावा लागतो. स्वतः तणावात असलेल्या पालकाला मुलाचा त्रास मोठा दिसू शकतो. आईचा ताठरपणा (म्हणजे नको असलेली भावना घालवण्यातच अडकून पडणं, ते पुढे येईल) आणि मुलाचा त्रास, दोन्ही एकट्या आईलाच विचारले तर त्यांचं नातं असतं त्यापेक्षा घट्ट दिसतं. या विषयावरचा कुठलाही अभ्यास वाचताना मुलाचे गुण कुणी भरले हे आधी बघावं. इथे मुलीच्या स्वतःच्या उत्तरांतही त्रास होता, म्हणून पुढे जायला आधार मिळाला.

आईसाठी 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड अ‍ॅक्शन' प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती वापरली. ती २०११ ची. सात विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण ७ ते ४९, आणि गुण जितके जास्त तितका ताठरपणा जास्त. साधारण २४ ते २८ च्या वर गेलं की मानसिक त्रासाची शक्यता वाढते असं ती तयार करणाऱ्यांनी सुचवलं आहे. आईचे गुण ३४ होते. या प्रश्नावलीवरचा आक्षेपही लक्षात ठेवायला हवा: ती ताठरपणाबरोबर बराचसा साधा मनस्तापच मोजते. म्हणून ३४ या आकड्यावर निदान उभं केलं नाही. खरा आधार पुढे येणाऱ्या नोंदवहीचा होता.

ताठरपणा म्हणजे शिस्त नव्हे

'ताठर आई' म्हटलं की कडक, नियमांची, हुकूम सोडणारी बाई डोळ्यांसमोर येते. ही आई तशी नव्हती. ती हळवी होती, मुलीसाठी धावणारी होती. मानसिक ताठरपणा हा शब्द स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट' उपचारपद्धतीतून आला आहे. त्याचा अर्थ असा: नको असलेला विचार किंवा भावना आली की ती घालवणं हेच एकमेव काम होऊन बसतं आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्याच्याशी जुळणारी कृती बाजूला पडते.

या आईत तो असा दिसत होता. मुलीचे डोळे भरले की तिच्या छातीत आवळून यायचं. लगेच विचार यायचा, 'ही रडतेय म्हणजे मी कमी पडले.' हा एक विचार आहे, मनात आला तसा जाईल, असं तिला दिसत नव्हतं. तिच्या लेखी ती पक्की बातमी होती. छातीतलं आवळणं थांबवायचे दोनच रस्ते तिला माहीत होते: मुलीला त्या प्रसंगातून सोडवायचं, नाहीतर तिच्यावर रागवायचं. बाहेरून ही दोन अगदी उलट वागणुकीची माणसं वाटतात. आतून काम एकच, आईची घालमेल थांबवणं. म्हणूनच एकच आई सकाळी रजा मागते आणि रात्री ओरडते, आणि मुलीला कळत नाही की आज कुठली आई भेटणार.

ती मुलीशी बोलायला बसायची तेव्हाही मन तिथे नसायचं. मुलगी सांगत असायची वर्गातलं, आई असायची दोन वर्षांनंतरच्या निकालात.

नोंदवही

आईला सात दिवस एक वही ठेवायला सांगितली. रकाने सहा: वेळ, मुलीने काय केलं, माझ्या अंगात काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं, दहा मिनिटांनी काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण सापळा तिथे दिसतो. मंगळवारची एक नोंद:

"७:४० संध्याकाळ. उद्याच्या वाचनाबद्दल तिसऱ्यांदा विचारलं, सगळे हसले तर? / घसा कोरडा, पाय हलायला लागला / हिला काही झालं तर / कोणी हसणार नाही असं दोनदा सांगितलं, मग म्हटलं मी मॅडमशी बोलू का / दहा मिनिटं शांत. ८:०५ ला परत तेच विचारलं."

आठवड्याअखेर मोजदाद केली. एकूण ४१ प्रसंग. १७ वेळा 'काही होणार नाही' अशी हमी, ८ वेळा मुलीच्या ऐवजी दप्तर आणि वह्या तपासणं, ६ वेळा शिक्षिकांना किंवा पालकांच्या गटात मेसेज, ५ वेळा विषय बदलणं, ३ वेळा रागावणं आणि २ दिवस रजा. बहुतेक सगळ्या प्रसंगांत दहा मिनिटांत शांतता आली होती आणि बहुतेक सगळ्यांत ती तासाभराच्या आत मोडली होती.

पालक अशा रीतीने मुलाच्या भीतीशी जुळवून घेतात, त्याला कुटुंबाची तडजोड म्हणतात. हमीची अडचण अशी की ती लागू पडते. लागू पडते म्हणूनच दर वेळी मागितली जाते. मुलीला मात्र एकदाही अनुभव येत नाही की भीती चढते, थोडी टिकते आणि तिने काही न करताही उतरते. आईलाही येत नाही.

मुलगी काय म्हणाली

दुसऱ्या भेटीत, आई खोलीबाहेर असताना, मुलगी म्हणाली, "मला काही झालं की आईचा चेहरा बदलतो. मग मला आधी तिला बरं करावं लागतं." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणून मी फक्त पोटाचंच सांगते."

सगळं प्रकरण या तीन वाक्यांत आहे. पोटदुखी खोटी नव्हती. पण भीती, लाज, मैत्रिणींशी आलेला दुरावा यातलं काहीही घरात बोलण्यासारखं उरलं नव्हतं, कारण ते बोलल्यावर आईला सावरायचं कामही मुलीवरच पडत होतं. पोट हा एकच विषय असा होता जो ऐकून आई कोसळत नव्हती, कामाला लागत होती.

आईकडून मुलीकडे ताठरपणा पोचतो तो अशा वाटांनी. एक वाट पाहून शिकण्याची: अस्वस्थ वाटलं की तातडीने काहीतरी करून ते घालवायचं असतं, हे मुलगी रोज पाहते. दुसरी तडजोडीची, ती वर आली. तिसरी लपवण्याची, आणि ती सगळ्यात कमी लक्षात येते. मुलीने किशोरांसाठीची, नको असलेल्या भावनांची टाळाटाळ मोजणारी प्रश्नावलीही भरली होती, २००८ मध्ये आलेल्या मूळ १७ विधानांची आठ विधानांची छोटी आवृत्ती. ३२ पैकी तिचे गुण १९ आले. भावना दाबायची सवय तिलाही लागलेली होती. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. रात्री अंथरुणात 'उद्याचा विचार करायचा नाही' असं घोकणाऱ्या मुलीचं तेच होतं.

ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून २०१२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, सातवीत पालक हुकूमशाही वळणाचे वाटत होते त्या मुलांत बारावीपर्यंत मानसिक लवचीकता कमी आढळली. हे कारण आणि परिणामाचं अंतिम उत्तर नव्हे. स्वभावातला काही भाग आनुवंशिकही असतो, आणि उलट दिशेचा ओढाही असतो: वर्षभर रोज सकाळी रडणारं मूल कुठल्याही लवचीक आईला ताठर करू शकतं. आईसमोर हे स्पष्ट बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं. 'तुमच्यामुळे झालं' असं तिने ऐकलं असतं तर 'मी कमी पडले' या तिच्या विचाराला तज्ज्ञाचा शिक्का मिळाला असता आणि ताठरपणा वाढलाच असता.

बारा आठवडे

आईबरोबर सहा भेटी, मुलीबरोबर चार, दोघींच्या मिळून दोन. कामाची सुरुवात आईपासून केली. पालकांवरच उपचार केंद्रित करण्याला पुरावा आहे: एली लेबोविट्झ यांच्या चमूने २०२० मध्ये छापलेल्या चाचणीत, ७ ते १४ वर्षांच्या १२४ चिंताग्रस्त मुलांमध्ये, केवळ पालकांना दिलेला उपचार मुलांना थेट दिलेल्या वर्तन-विचार उपचाराच्या तोडीस उतरला.

आईला पहिलं काम दिलं नव्वद सेकंदांचं. मुलगी 'दुखतंय' म्हणाली की फोनला हात लावायचा नाही. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवायचे, छातीत कुठे आवळतंय ते शोधायचं, मनातल्या मनात म्हणायचं, 'मी कमी पडले असा विचार मला येतोय.' विचार खोडायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या शेपटीला फक्त 'असा विचार येतोय' जोडायचं. मग काय करायचं ते ठरवायचं. घड्याळ लावून सराव केला. पहिल्या वेळी ती वीस सेकंदांत उठली. दुसऱ्या आठवड्यात नव्वदला पोचली.

दुसरं काम एका वाक्याचं, दोन भागांचं: "तुला खूप भीती वाटतेय, दिसतंय मला. आणि भीती असतानाही तू हे करू शकशील असं मला वाटतं." मधला शब्द 'आणि' हवा. तिथे 'पण' आला की पहिला भाग पुसला जातो. वाक्य एकदाच म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की तीही हमीच होते.

तडजोडी एकदम बंद करायच्या नव्हत्या. एका आठवड्यात एकच प्रकार निवडायचा आणि तो मुलीला आधी सांगून थांबवायचा. पहिला निवडला शिक्षिकांना मेसेज करण्याचा, कारण तो आईच्या एकटीच्या हातात होता. न सांगता आधार काढून घेतला की मुलांना ती शिक्षा वाटते.

मुलीबरोबर वर्गात बोलण्याच्या पायऱ्या बनवल्या: शिक्षिकांसमोर एकटीने एक परिच्छेद वाचायचा, मग दोन मैत्रिणींसमोर, मग जागेवर बसून वर्गात, मग उभं राहून एक मिनिट. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर भीतीला ० ते १० मधला आकडा द्यायचा. आकडा खाली यावा ही अट नव्हती. आकडा कितीही असो, वाचन पूर्ण करायचं.

चौथ्या आठवड्यात बिघडलं

आईचा फोन आला, सगळं फसलंय. वही उघडल्यावर कळलं. बुधवारी रात्री तिने ते दोन भागांचं वाक्य व्यवस्थित म्हटलं होतं. मुलगी रडतच राहिली. आईने पाच मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाली, "मी समजून घेतलं ना? मग अजून का रडतेस?"

या कामात सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथेच, आणि ते पालकांच्या निष्काळजीपणाने नाही, कळकळीने बिघडतं. आईने स्वीकाराचंही औषध केलं. मुलीची भावना मान्य करायची ती भावना लवकर संपावी म्हणून. मुलांना हे लगेच कळतं. शब्द बदलले तरी आईचा चेहरा अजून तीच मागणी करत असतो: थांब आता.

उपाय म्हणून नवीन तंत्र दिलं नाही, मोजायची गोष्ट बदलली. आई दहा मिनिटांनंतरच्या रकान्यात 'शांत झाली' किंवा 'नाही झाली' असं लिहीत होती. त्या जागी लिहायला सांगितलं, 'मला हवी तशी आई मी त्या वेळात होते का?' हवी तशी म्हणजे कशी, हे तिच्याच शब्दांत आधी लिहून घेतलं होतं: "जिला काहीही सांगता येईल अशी." मुलगी चाळीस मिनिटं रडली आणि आई तिच्याजवळ बसून राहिली, तर त्या रात्रीच्या रकान्यात आता 'हो' येऊ शकत होतं.

त्याच आठवड्यात दुसरी गळती सापडली. आईने मेसेज थांबवले होते, पण मुलगी वडिलांना फोन करत होती आणि ते परगावाहून शिक्षिकांना कळवत होते. पाचव्या आठवड्यातल्या दोघींच्या भेटीत त्यांनाही फोनवर घेतलं. हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. घरात तडजोड करणारी माणसं किती, हे सुरुवातीलाच मोजावं.

काय बदललं, कुठल्या क्रमाने

सगळ्यात आधी आईची वागणूक बदलली. सहाव्या आठवड्यात प्रसंग ४१ वरून २२ वर आले, बाराव्यात १४ वर. त्यानंतर हजेरी: शेवटच्या सहा आठवड्यांत गैरहजेरी दोनच दिवस. मुलीच्या स्वतःच्या उत्तरांतले भावनिक त्रासाचे गुण सर्वांत उशिरा हलले, ७ वरून ५. सहाव्या आठवड्यात ते उलट ८ झाले होते. आईने तेव्हाच सोडून दिलं असतं, म्हणून ही शक्यता तिला पहिल्या भेटीतच सांगून ठेवली होती. लपवलेलं बोललं जायला लागतं तेव्हा कागदावर त्रास काही काळ वाढतो.

आईने मुलीला दिलेले गुण ९ वरून ५ झाले. म्हणजे आई आणि मुलगी आता एकच मुलगी पाहत होत्या. मुलीचे टाळाटाळीचे गुण १९ वरून १३ आणि आईचे स्वतःचे ताठरपणाचे गुण ३४ वरून २७. आईचं मन फारसं मवाळ झालेलं नव्हतं. छातीतलं आवळणं तिच्या नोंदींत शेवटपर्यंत आहे, फक्त त्यानंतरच्या रकान्यात काय लिहिलंय ते बदललं.

तीन महिन्यांनी, परीक्षेच्या आठवड्यात, हमी पुन्हा वाढली आणि एक रजा पडली. आईने ती स्वतःहून सांगितली आणि पुन्हा मोजायला लागली. मुलीचं पोट सादरीकरणाच्या सकाळी अजून दुखतं. त्या भेटीला आईने आणलेल्या वहीत एक नोंद होती:

"६:५०. नाडी बांधताना थांबली. म्हणाली, पोट दुखतंय, आणि काल सानिकाच्या गटातून मला काढलंय. / छातीत आवळलं, खूप / हिला सगळे सोडून देतील असा विचार येतोय / खाली बसले तिच्याशेजारी. काही बोलले नाही. / ७:०२ ला तीच उठली. बस चुकली, चालत गेलो."